बाप्तिस्म्याचा दाखला हातात आहे, पण ख्रिस्ती म्हणजे नेमकं कोण?

२०२५ च्या सप्टेंबरात कर्नाटकात राज्य मागासवर्ग आयोगाचं सामाजिक आणि शैक्षणिक सर्वेक्षण सुरू झालं आणि इतर जिल्ह्यांसारखीच बेळगाव जिल्ह्यातही घरोघरी धर्म आणि जात विचारली गेली. त्याआधी सर्वेक्षणाच्या जातींच्या यादीतल्या काही नावांवरून राज्यभर रान पेटलं होतं. ‘लिंगायत ख्रिश्चन’, ‘वक्कलिग ख्रिश्चन’, ‘ब्राह्मण ख्रिश्चन’ ही जोडनावं आली कुठून, असा एकीकडून सवाल होता. ख्रिस्ती झाल्यावर जात उरलीच कशी, हा त्यामागचा तर्क. दुसरीकडून उत्तर येत होतं, की धर्म बदलला तरी गावानं जात विसरू दिली नाही, मग ती लिहायची कुठं? अखेर ही नावं ॲपमधल्या यादीतून झाकली गेली.

त्याआधी २३ डिसेंबर २०२१ रोजी, आपल्या हलग्याजवळच्या सुवर्णसौधमध्ये हिवाळी अधिवेशन भरलेलं असताना, विधानसभेनं धर्मांतराबद्दलचं विधेयक मंजूर केलं. २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला. २०२३ च्या जूनमध्ये नव्या मंत्रिमंडळानं तो मागं घ्यायचं ठरवलं. धर्म बदलू पाहणाऱ्यानं तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, ही त्यातली एक अट. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीच्या एका महिलेचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला. बाप्तिस्मा झालेला आहे, चर्चला नेमानं जाणं-येणं आहे, मग हिंदू म्हणून दाखला कसा मागता, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

आयोग, विधानसभा आणि न्यायालय या तिघांनाही माणूस ख्रिस्ती कशानं ठरतो ते कुठल्या तरी मापानं मोजावं लागलं. मोजायला हाताशी दाखला, नोंदवही, हजेरी आणि फॉर्मचा रकाना एवढंच होतं. त्यांचं कामच ते आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मी मात्र बेळगावातल्या एका मराठी ख्रिस्ती घरात वाढले, आणि शेजारी, ऑफिसात, लग्नकार्यात मला विचारलं जातं ते याहून साधं असतं: “तुमच्यात काय करतात ओ? पाणी शिंपडलं की झालं?” प्रश्न भाबडा वाटला तरी अगदी मुद्द्याचा आहे. त्याला सरळ उत्तर मिळायला हवं.

विधी कोणते, आणि ते काय मागतात

आपल्या भागातले ख्रिस्ती एका साच्यातले नाहीत. लंडन मिशनरी सोसायटीनं बेळगावात १८२० साली काम सुरू केलं आणि १९०४ मध्ये ते मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या हाती सोपवलं. बेनन स्मिथ हायस्कूल ही त्याच कामाची खूण. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ चा, फातिमा कॅथेड्रल त्याचं मुख्य चर्च. खानापूरकडं कोकणी बोलणारी कॅथलिक घरं आहेत, शहरात मराठीत आणि कन्नडमध्ये उपासना करणाऱ्या मंडळ्या आहेत, आणि भाड्याच्या हॉलमध्ये किंवा कुणाच्या गच्चीवर भरणाऱ्या स्वतंत्र प्रार्थनासभाही आहेत. मंडळी म्हणजे एकत्र उपासना करणारी माणसं, चर्च ही त्यांची इमारत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सोपं जाईल.

या सगळ्यांत समान असलेला विधी म्हणजे बाप्तिस्मा: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं पाण्यानं केलेला प्रवेशविधी. कॅथलिक आणि मेथडिस्ट तो तान्ह्या बाळालाही देतात. बाप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या समजत्या वयाची वाट पाहतात आणि अख्खा माणूस पाण्यात बुडवून वर काढतात. दुसरा विधी प्रभुभोजनाचा. मरणाच्या आदल्या रात्री येशूनं शिष्यांबरोबर भाकर आणि द्राक्षारस घेतला, त्याची ती आठवण. प्रोटेस्टंट हे दोनच संस्कार धरतात. कॅथलिक सात मानतात, त्यात दृढीकरण, पापनिवेदन, लग्न वगैरे येतात.

आता बाळाच्या बाप्तिस्म्याला तुम्ही कधी गेला असाल तर एक गोष्ट आठवून पाहा. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, बाळाला डाव्या हातावर घेतात, कपाळावर तीनदा पाणी घालतात, बाळ बहुतेक वेळा रडतं आणि सगळे हसतात. फोटो त्याच क्षणाचे निघतात. पण त्याच्या थोडं आधी पाळकांनी आईबापांना समोर उभं करून विचारलेलं असतं: वाइटाचा त्याग करता का? येशू ख्रिस्तावर तुमचा विश्वास आहे का? या लेकराला त्याच्या मार्गानं वाढवाल का? मग मंडळीलाही विचारतात, आणि बाकांवरची सगळी माणसं उभी राहून हो म्हणतात. म्हणजे पाणी पडायच्या आधी विधी स्वतःच तीन-चार गोष्टी मागतो, आणि त्यातली एकही चर्चच्या चार भिंतींत पुरी होणारी नसते. ‘पाणी शिंपडलं की झालं’ असं खुद्द त्या विधीचंही म्हणणं नाही.

मग माणूस ख्रिस्ती होतो कशानं?

येशूवर भरवसा टाकून त्याच्या मागं चालू लागल्यानं. उत्तर एवढंच आहे, पण त्यातला एकेक शब्द वजनाचा आहे.

भरवसा म्हणजे माहिती मान्य करणं एवढंच असतं तर काम फार सोपं होतं. देव एकच आहे हे भुतांनाही मान्य आहे आणि ती थरथर कापतात, असं बायबलातल्या याकोबाच्या पत्रात रोखठोक लिहिलंय. भरवसा म्हणजे आपला सगळा भार दुसऱ्यावर टाकणं. ख्रिस्ती माणूस म्हणतो, माझ्या पुण्याईवर मी देवापुढं उभा राहू शकत नाही. येशू माझ्यासाठी वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, त्याच्या भरवशावर मी उभा आहे. न कमावता मिळणाऱ्या या देवाच्या मायेला ख्रिस्ती लोक कृपा म्हणतात, आणि पापाच्या पकडीतून सुटून देवाशी नातं जुळण्याला तारण. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल या सुरुवातीच्या प्रचारकानं हे थोडक्यात मांडलंय: येशू प्रभू आहे असं मुखानं कबूल कर, देवानं त्याला मेलेल्यांतून उठवलं असा मनापासून विश्वास धर, म्हणजे तुझं तारण होईल.

आणि मागं चालणं? त्यासाठी जक्कयची गोष्ट वाचावी, लूकच्या शुभवर्तमानात आहे. यरीहो गावातला हा मुख्य जकातदार, गबर आणि बदनाम. बुटका असल्यानं येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढला. येशूनं वर पाहिलं आणि म्हणाला, खाली उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. गाव कुरकुरलं. जेवणखाण झालं असेल, काय बोलणं झालं ते लिहिलेलं नाही. पण जक्कय उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देतो, आणि कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. त्यावर येशू म्हणाला, आज या घराला तारण मिळालं.

यात बाप्तिस्मा नाही, प्रार्थनेचे ठरलेले शब्द नाहीत, दाखला नाही. क्रमही पाहण्यासारखा आहे. जक्कयनं पैसे वाटले म्हणून येशू त्याच्या घरी आला असं घडलेलं नाही. येशू आधी आला आणि मग जक्कयचा हात सैल झाला. पश्चात्ताप म्हणतात तो हा. नुसतं वाईट वाटणं एका संध्याकाळचं असतं. जक्कयनं हिशेबाची वही उघडली. आपल्याकडचं सांगायचं तर निपाणीच्या एखाद्या तंबाखू व्यापाऱ्यानं वर्षानुवर्षं शेतकऱ्यांचा काटा मारला असेल, आणि एक दिवस तो कोगनोळीच्या, सौंदलग्याच्या घरांपुढं जाऊन ‘तुमचे इतके निघतात’ म्हणून पैसे मोजू लागला, तर लोक काय म्हणतील? याला काहीतरी झालंय म्हणतील. जे झालं त्यालाच नवा जन्म म्हणतात. निकदेम नावाच्या शास्त्री माणसाला येशूनं हेच सांगितलं होतं, की नव्यानं जन्मल्याशिवाय देवाचं राज्य दिसत नाही. निकदेमकडं विधी, परंपरा आणि मान यांची कमी नव्हती.

उतारा आणि वहिवाट

ज्यांना शेतीवाडी आहे त्यांना हे पटकन समजेल. जमिनीच्या उताऱ्यावर नाव असणं आणि ती जमीन कसणं या दोन गोष्टी आहेत. वडील वारले, वारसा लागला, पोराचं नाव उताऱ्यावर चढलं. पोरगा पुण्यात, रानात गवत कमरेइतकं. कागदानं तो शेतकरी. पण पंचवीस वर्षांत त्यानं एकदाही नांगर धरलेला नाही, पिकाची काळजी केलेली नाही, पाऊस लांबला म्हणून त्याची झोप उडालेली नाही. लहानपणी झालेला बाप्तिस्मा पुष्कळ घरांत असाच उताऱ्यावरचा राहतो. नाव खरं, हक्क खरा, रान पडीक.

याच्या उलटही असतं. दुसरा एक जण रान मनापासून कसतोय, पण नाव चढलेलं नाही. तो काय करतो? तलाठ्याकडं खेटे घालतो. उतारा कागदच तर आहे, असं म्हणून तो स्वस्थ बसत नाही, कारण जमीन आपली आहे हे उघडपणे नोंदलं जावं असं त्याला वाटतं.

हा दृष्टान्त एका जागी मात्र तुटतो. जमीन पैसे देऊन घेता येते, कोर्टात भांडून मिळवता येते. कृपा तशी मिळत नाही. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात (प्रेषित म्हणजे येशूनं पाठवलेले शिष्य) शोमरोनातल्या शिमोन जादूगाराची हकीकत आहे. त्यानं बाप्तिस्मा घेतला, आणि नंतर प्रेषितांपुढं पैसे ठेवून म्हणाला, हात ठेवून पवित्र आत्मा देण्याचं हे सामर्थ्य मलाही द्या. पेत्रानं त्याला तिथल्या तिथं झाडलं: तुझं मन देवापुढं नीट नाही. विधी झालेला, नाव लागलेलं, आणि तरी मन तिथं नाही, हे मंडळीच्या अगदी पहिल्या काळापासून ठाऊक आहे.

बेळगावचे बाबा पदमनजी, आणि पंडिता रमाबाई

बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले. घर कासार समाजातलं, देवधर्म कसोशीनं पाळणारं. इथल्याच लंडन मिशनच्या शाळेत बायबलची ओळख झाली. पुढं मुंबईत शिकताना ते परमहंस मंडळीत जाऊ लागले. जातिभेद मोडू पाहणारी ती गुप्त सभा होती. येशूचं म्हणणं मनाला पटलं, पण घरदार, नातीगोती यांचा पाश सोडवेना, आणि वर्षं जात राहिली. अखेर १८५४ मध्ये, बेळगावातच, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तीन वर्षांनी त्यांनी हिंदू विधवांच्या हालांवर कादंबरी लिहिली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते.

आता सांगा, मुंबईतल्या त्या मधल्या वर्षांत ते कोण होते? नोंदवहीला विचारलं तर हिंदू. त्यांच्या मनाला विचारलं तर उत्तर वेगळं आलं असतं. माझ्या मते ते ख्रिस्ताकडं निघालेले होते आणि पोहोचायला वेळ लागला. ज्याला त्या वाटेवर घर तुटण्याची भीती आहे, त्याच्या त्या वर्षांना कुणी भित्रेपणा म्हणू नये. ज्यानं स्वतः कधी काही पणाला लावलेलं नाही, त्यानं तर नाहीच.

पंडिता रमाबाईंचं बरोबर उलटं झालं. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीनं १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथं लहान मुलीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात त्यावरून केवढी खळबळ उडाली ते सर्वांना माहीत आहे. पण बाईंनी स्वतः पुढं जे सांगितलं ते फार कमी जणांना माहीत असतं. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. ही आठ वर्षं रिकामी नव्हती. त्यांनी अमेरिका पालथी घातली, १८८९ मध्ये शारदा सदन काढलं, विधवांना शिकवलं, मिशनच्या भगिनींशी सिद्धांतांवर रोखठोक वाद घातला. सगळं जग त्यांना ख्रिस्ती म्हणत होतं. आपल्याकडं काय नाही ते त्यांचं त्यांनाच दिसलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. ख्रिस्ती होणं म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी बाईंचं हे कबूल करणं पुढं ठेवते.

मेथडिस्टांनी तर असलं काही ऐकून चकित होऊच नये. ज्यांच्यापासून ही मंडळी निघाली ते जॉन वेस्ली १७२८ मध्ये दीक्षित पाळक झाले, अमेरिकेत मिशनरी म्हणून जाऊन आले, आणि २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या एका बैठकीत प्रथमच त्यांना वाटलं, की मी आता फक्त ख्रिस्तावर भरवसा टाकतोय. दहा वर्षं ते दुसऱ्यांना प्रभुभोजन देत होते.

“मग बाप्तिस्मा घ्यायचाच कशाला?”

हा आक्षेप रास्त आहे. येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराला बाप्तिस्म्याची सवडच नव्हती, आणि येशूनं त्याला त्याच दिवशी सुखलोकात येशील असं वचन दिलं. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती पंथात तर पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाहीत, आणि त्यांना ख्रिस्ती नाहीत असं म्हणायची माझी छाती नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, ‘देवाचा दरबार’ सुरू केला. येशूला मानणाऱ्या, पण बाप्तिस्मा न घेतलेल्या लोकांनाही त्यात जागा होती.

इथं माझे कॅथलिक शेजारी मला थांबवतील. त्यांची शिकवण अशी, की बाप्तिस्मा ही नुसती खूण नाही. देव त्या पाण्यातून खरोखर काम करतो आणि त्याचा ठसा पुसला जात नाही, म्हणून तो आयुष्यात एकदाच. त्यांचं म्हणणं मी आदरानं ऐकते. पण त्यांचं चर्चही हे शिकवतं, की मोठ्या माणसानं विश्वास आणि पश्चात्ताप नसताना बाप्तिस्मा घेतला तर त्याचं फळ त्याला मिळत नाही. आणि ज्याची बाप्तिस्म्याची मनापासून इच्छा होती पण आधीच मरण आलं, त्याला देव परका करत नाही. म्हणजे विधीला किती वजन द्यायचं यावर मतभेद आहेत, मनाशिवाय विधी पुरेसा आहे असं मात्र कुणीच म्हणत नाही.

टिळकांनी स्वतः १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला होता, हेही विसरू नये. येशूनं बाप्तिस्मा घ्या असं सांगितलंय, एवढं कारण त्याच्या मागं चालणाऱ्याला पुरतं. पण ज्याच्या पायाखालून त्यामुळं घर जाणार आहे, त्याला चार पावलं मागून येऊ द्यावं. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीही त्यांच्याबरोबर बाप्तिस्मा घेतला नाही. त्या आपल्या मनानं, आपल्या वेळी, पाच वर्षांनी आल्या.

“विश्वास मनातच आहे, चर्चला जायची गरज काय?”

चौथ्या शतकात रोममध्ये व्हिक्टोरिनस नावाचे नामांकित पंडित होते, इतके की शहरात त्यांचा पुतळा उभारलेला. बायबल वाचून त्यांचं मन वळलं. आपले मित्र सिंप्लिसियानस यांना ते खासगीत म्हणायचे, मी ख्रिस्तीच आहे. मित्र म्हणायचे, चर्चमध्ये दिसाल तेव्हा खरं मानीन. त्यावर व्हिक्टोरिनस विचारायचे, म्हणजे भिंती माणसाला ख्रिस्ती करतात का? ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडितांनी ही हकीकत नोंदवून ठेवलीय.

भिंती करत नाहीत, हे बरोबरच आहे. पण व्हिक्टोरिनस चर्चला जात नव्हते त्याचं खरं कारण वेगळं होतं. बडे मित्र नाराज होतील याची त्यांना भीती होती. एक दिवस ते स्वतःहून म्हणाले, चला चर्चला. आणि सगळ्या शहरादेखत त्यांनी आपला विश्वास कबूल केला.

कॅम्पातल्या चर्चच्या बाकावर दर रविवारी बसणाऱ्यालाही, आणि ‘मी घरीच करतो’ म्हणणाऱ्यालाही या गोष्टीत प्रश्न आहे. पहिल्यानं विचारावं, मी इथं बसतो ते कुणासाठी? दुसऱ्यानं विचारावं, मी जात नाही ते खरंच का? दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्यापायी, अंथरुणाला खिळल्यामुळं किंवा खेड्यात मंडळीच नसल्यामुळं जे जाऊ शकत नाहीत, त्यांना हा प्रश्न लागू नाही. बाकीच्यांना आहे. येशूनं आणि प्रेषितांनी दिलेल्या आज्ञा एकमेकांवर प्रीती करा, एकमेकांना क्षमा करा, एकमेकांचं ओझं वाहा अशा आहेत. त्यातलं एकमेक घरात एकट्यानं बसून येत नाही.

“आमचे शेजारी देवमाणूस आहेत, तेही ख्रिस्तीच म्हणायचे ना?”

नाही, आणि तसं म्हणूही नये. शहापुरातला एखादा विणकर आजोबा विठ्ठलाचं नाव घेत आयुष्यभर खऱ्यानं वागला असेल, तर त्याच्या चांगुलपणावर आपल्या धर्माचं लेबल लावणं हा त्याचा अपमान आहे. चांगुलपणा ख्रिस्ती लोकांच्या मालकीचा नाही. उलट आमच्यातले कितीतरी जण त्या आजोबांच्या पासंगालाही पुरणार नाहीत. ख्रिस्ती माणूस इतरांहून चांगला असतो असा दावाच नाही; आपण पुरे पडत नाही हे ओळखून तो येशूला धरून असतो, एवढंच त्याचं वेगळेपण. त्या आजोबांचं देव काय करील ते ठरवायला देव समर्थ आहे.

“धर्म बदलला की भाषा, रीतभात, सगळं बाटतं”

विहिरीत पाव टाकला, ते पाणी प्यालं की गाव बाटलं, असल्या गोष्टी कोकण-गोव्यापासून आपल्यापर्यंत ऐकू येतात. पाव खाऊन कुणी ख्रिस्ती होत नाही आणि भाकरी खाऊन कुणाचं ख्रिस्तीपण जात नाही. हा वाद पहिल्या मंडळीतच निकालात निघालाय. ग्रीक लोक विश्वास धरू लागले तेव्हा प्रश्न आला, यांनी आधी यहुदी व्हायचं का? त्यांच्या रीती, सुंता, खाणंपिणं घ्यायचं का? येशूनंतर साधारण वीस वर्षांनी यरुशलेमेत सभा भरली आणि ठरलं, की हे जोखड त्यांच्या मानेवर ठेवायचं नाही.

त्यामुळं ख्रिस्ती होण्यासाठी मराठीपण सोडावं लागत नाही. शेजारच्याच गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ओवीबद्ध मराठीत येशूची कथा छापली. टिळकांनी अभंग रचले, कीर्तनं केली. आमच्याकडं मंगळसूत्र घालणाऱ्या बायका आहेत, न घालणाऱ्या आहेत. त्यावरून एकमेकींचा विश्वास मोजणाऱ्याही आहेत, आणि मला ते मुळीच पटत नाही.

“आणि जात?”

इथं मात्र आम्हा ख्रिस्ती लोकांना उत्तर द्यावं लागतं. पेत्र हा येशूचा मोठा शिष्य. अंत्युखिया शहरात तो परजातीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, ख्रिस्ती लोकांबरोबर जेवायला बसायचा. यरुशलेमहून काही माणसं आली, आणि लोक काय म्हणतील या भीतीनं तो त्या पंगतीतून उठला. इतरही उठले. पौलानं त्याला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं, की हे शुभवर्तमानाला धरून नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात हे आहे, आणि त्याच पत्रात पुढं तो लिहितो, की ख्रिस्तात यहुदी-ग्रीक, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री असा भेद नाही.

पौलानं पेत्राच्या प्रार्थनेवर, उपासावर, ज्ञानावर बोट ठेवलेलं नाही. पंक्तिभेदावर ठेवलं. पंगतीतून उठणाऱ्या प्रेषितालाही तो ‘तू सरळ चालत नाहीस’ म्हणतो. मग लग्नाच्या बोलणीत ‘मूळचे कोण?’ असं हळूच विचारणाऱ्या, आणि उत्तर ऐकून स्थळ नाकारणाऱ्या आमच्या घरांना तो काय म्हणाला असता? हा प्रश्न मी बाहेरच्यांना विचारत नाही. आमच्याच बाकांवर विचारते.

सरकारी बाजू वेगळी आहे, ती यात मिसळू नये. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी मुख्यतः हिंदूंना होता, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित बाहेरच आहेत. गावानं त्यांना दलितच मानलं, कागदानं मानलं नाही. जात सांगणारा ख्रिस्ती माणूस जात मानतोच असं नाही. पुष्कळदा तो आपल्यावर झालेलं सांगत असतो.

कायदा काय पाहतो

१८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात ख्रिस्ती म्हणजे तो धर्म उघडपणे मानणारा, अशी साधी व्याख्या आहे. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं एका ख्रिस्ती स्त्रीच्या हिंदू होण्याचा प्रश्न आला, तेव्हा न्यायालयानं म्हटलं की प्रामाणिक हेतू आणि त्याला साजेसं वागणं असेल तर ठरावीक विधी झालाच पाहिजे असं नाही. मनात काय आहे ते कोर्टाला दिसत नाही, म्हणून ते वागणुकीकडं पाहतं. येशूही झाडाची ओळख फळावरून करा म्हणाला होता. फरक एवढा, की कोर्टाला एका तारखेपुरतं ठरवायचं असतं.

“मी आहे की नाही, मला कळणार कसं?”

पुष्कळ जणांना हाच प्रश्न रात्री छळतो, विशेषतः ज्यांचं सगळं लहानपणीच उरकून गेलंय त्यांना. योहानाच्या पहिल्या पत्रात त्याचं उत्तर आहे: आपण भावाबहिणींवर प्रीती करतो, त्यावरून आपल्याला कळतं की आपण मरणातून जीवनात आलो आहोत. लगेच पुढं तो विचारतो, जवळ असून गरजवंताला पाहून ज्यानं मन घट्ट केलं, त्याच्यात देवाची प्रीती कशी राहील?

वेस्लींनी यावर एक व्यवहारी सोय केली होती. १७४२ पासून त्यांनी मंडळीचे साधारण बारा-बारा जणांचे गट पाडले. आठवड्यातून एकदा जमायचं, आत्म्याचं कसं चाललंय ते एकमेकांना खरंखरं सांगायचं, आणि गरिबांसाठी एकेक पेनी ठेवायची. आपल्याकडच्या घरगुती प्रार्थनासभांतून हे आजही करता येतं. गाणी झाली, वचन झालं, चहा आला, की उठायच्या आधी एकमेकांना विचारायचं: या आठवड्यात कुणाला क्षमा केलीस? कुणाचं देणं राहिलंय? कुणाकडं जेवायला जायचं टाळलंस, आणि का? ज्याला ही उत्तरं द्यावीशी वाटतात, आणि चुकलेल्या उत्तरापाशी दर वेळी येशूकडंच वळावंसं वाटतं, त्यानं आपला बाप्तिस्मा कुठल्या साली झाला याची फार चिंता करू नये. आणि झालेला नसेल, तर पाळकांना जाऊन भेटावं.